बोटींचे क्लास नको, नियमांचे करा: पॉलिमॉर्फिझम नेमकं कुठे वापरायचं?

(या भागाचं शब्दांकन. मधले ‘अं’, ‘म्हणजे काय की’ काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. जिथे कोड बोलून सांगितला होता, तिथे वाचणाऱ्यांसाठी तो लिहून दिलाय.)

आजचा विषय कॉलेजमध्ये सगळ्यांनी पाठ केलेला आहे. पॉलिमॉर्फिझम, मराठीत बहुरूपता. व्हायवाला विचारतात, आपण सांगतो: “एक नाव, अनेक रूपं.” परीक्षक खूश, आपण खूश. मग नोकरी लागते, आणि समोर एक हजार ओळींची फाइल येते, तिच्यात पन्नास इफ-एल्स. आपण ठरवतो की आता इथे पॉलिमॉर्फिझम लावूया. पण लावायचं कुठे? कशाचे क्लास करायचे? हे पुस्तकात नसतं. तिथे कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं आणि धडा संपतो.

आज आपण कुत्रा-मांजर सोडून मालवणच्या बंदरावर जाणार आहोत.

आधी दोन मिनिटं दशावतार

आपल्याकडचं दशावतारी नाटक बघितलंय ना? त्यात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, भूमिका ठरलेल्या असतात, संवाद नट रंगमंचावर स्वतः रचतात. आज राजा एक जण करतो, उद्या दुसरा. संवाद बदलतील, आवाज बदलेल, तलवार फिरवायची लकब बदलेल. पण हार्मोनियम आणि पखवाजवाल्याला ‘आज राजा कोण करतोय’ यावरून वेगळा नियम लागत नाही. राजा प्रवेश करणार, आपलं म्हणणं मांडणार, युद्धाची वेळ आली की युद्ध करणार. एवढं पक्कं असलं की साथ चालते.

भूमिका म्हणजे इंटरफेस. नट म्हणजे तो इंटरफेस अंमलात आणणारा क्लास. आणि साथीदार म्हणजे तुमचा बाकीचा कोड, ज्याला आत कोण आहे याच्याशी घेणंदेणं नाही. “तू कोण आहेस?” असं न विचारता “तुझं काम कर” म्हणायचं, याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. व्याख्या इथेच संपली.

ही कल्पना कुठून आली तेही गमतीशीर आहे. १९६०च्या दशकात नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड सिम्युलेशनसाठी भाषा बनवत होते. त्यांच्यासमोरचं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत गाड्या आहेत, काही ट्रक, काही बस. रांगेला फक्त ‘गाडी’ कळली पाहिजे, पण ट्रकने ट्रकसारखं आणि बसने बससारखं वागलं पाहिजे. अशा प्रश्नांतून सिम्युला ६७ ही भाषा झाली, आणि क्लास-सबक्लास तिथून पुढे जगभर गेले. दोघांना २००१चा टुरिंग पुरस्कार मिळाला. म्हणजे या सगळ्याची सुरुवात खऱ्या जगातल्या खऱ्या रांगेपासून झाली. म्हणून आपणही खरा प्रश्न घेऊया.

बांगड्याचा क्लास करायचा का?

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चाललाय. तुम्ही हिशोबाचं छोटं अॅप बनवताय. पहिला मोह काय होतो? ‘मासा’ नावाचा बेस क्लास, आणि त्याखाली बांगडा, सुरमई, तारली, पेडवे असे सबक्लास. दिसायला एकदम झकास.

पण थांबा. बांगडा आणि तारली यांच्यात तुमच्या अॅपच्या दृष्टीने फरक काय? नाव वेगळं, दर वेगळा. वागणं वेगळं आहे का? नाही. दर गुणिले माप, एवढाच हिशोब. नाव आणि दर हा डेटा आहे. डेटासाठी क्लास करत बसलात तर उद्या नवीन मासा आला की नवीन फाइल, नवीन रिलीज. टेबलमध्ये एक ओळ वाढवून होणारं काम होतं ते.

मग इथे बहुरूपता कुठेच नाही का? आहे. काही मासळी किलोवर जाते, काही टोपलीवर, मोठा मासा कधी नगावर. इथे हिशोबाची पद्धत खरोखर वेगळी आहे. टोपलीला वजन विचारून उपयोग नाही. म्हणून क्लास करायचे तर ‘किलोवर’, ‘टोपलीवर’, ‘नगावर’ असे मापाच्या पद्धतीचे करा, आणि प्रत्येक माशाच्या नोंदीत सध्याची पद्धत ठेवा. तोच बांगडा आज टोपलीने गेला आणि उद्या किलोने, तर नुसती पद्धत बदलायची. माशाला जात बदलावी लागत नाही.

हा पहिला मुद्दा. नाव वेगळं, आकडा वेगळा, तर तो डेटा. वागणं वेगळं, तर तिथे बहुरूपतेचा विचार.

आता मोठा प्रश्न: फाल्या दर्यात जावक गावतला काय?

म्हणजे उद्या समुद्रात जाता येईल का? किनाऱ्यावरच्या घरात हा रोजचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. मच्छीमारांसाठी हे उत्तर देणारं अॅप बनवायचं म्हटलं, तर काय काय बघावं लागेल?

एक, पावसाळी बंदी. केंद्राच्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पारंपरिक बिगर-यांत्रिक होड्यांना त्यातून सूट असते. हा काळ पूर्वी ४७ दिवसांचा होता, २०१५ मध्ये तो ६१ झाला.

दोन, जाळं. राज्यात महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला त्याच वर्षीचा हा कायदा. पुढे सोमवंशी समितीचा अहवाल आला, आणि ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, हंगामही सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला.

तीन, दिवे. एलईडी लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली.

चार, जागा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढे केंद्राचं.

पाच, हवामान. वादळाचा इशारा असेल तर कुठलीही नौका असो, जायचं नाही.

आणि २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला, दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. म्हणजे अॅपचं उत्तर चुकलं तर कुणाचा तरी हंगाम जातो. हवामानाचं चुकलं तर त्याहून जास्त जातं.

पहिला आराखडा: एक लांबलचक इफ-एल्स

सगळं एका फंक्शनमध्ये. नौका ट्रॉलर असेल आणि जून असेल तर नाही. पर्ससीन असेल आणि जानेवारी असेल तर नाही. रापण असेल तर चालेल, पण वादळ असेल तर नाही... सुरुवातीला चालतं. अडचण कधी होते? जेव्हा हीच ‘नौका कुठली’ची विचारणा परवान्याच्या स्क्रीनवर येते, नोटिफिकेशनमध्ये येते, रिपोर्टमध्ये येते. मग नवा आदेश आला की चार ठिकाणी बदल करायचा, आणि तीनच ठिकाणी केला जातो. चौथं ठिकाण कोणाच्या तरी मोबाइलवर चुकीचं ‘जा’ म्हणतं.

दुसरा आराखडा: बोटींचे सबक्लास

इथे पुस्तक वाचलेला माणूस म्हणतो, सोपं आहे. ‘नौका’ बेस क्लास करा. त्याखाली रापणीची होडी, गिलनेटवाली, ट्रॉलर, पर्ससीनवाली. प्रत्येकीत ‘जाता येईल का’ ही मेथड ओव्हरराइड करा. झालं पॉलिमॉर्फिझम!

कागदावर बरोबर वाटतं, पण बंदरावर टिकत नाही. कारण बघा. इंजिनाचे तीन प्रकार धरा: बिगर-यांत्रिक, आऊटबोर्ड, इनबोर्ड. मासेमारीच्या पाच पद्धती धरा: रापण, गिलनेट, गळ, ट्रॉल, पर्ससीन. तीन पंचे पंधरा. त्यात दिवे आहेत की नाहीत, हे जोडलं की तीस. तुम्ही तीस सबक्लास लिहिणार? त्यातले निम्मे तर समुद्रात कधी दिसणारही नाहीत.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. होडीला इंजिन नंतर बसवतात. तीच होडी या महिन्यात गिलनेट नेते, पुढच्या महिन्यात गळ. पण बहुतेक भाषांत एकदा बनवलेल्या ऑब्जेक्टला क्लास बदलता येत नाही. जे खऱ्या जगात बदलतं, ते तुम्ही क्लासमध्ये गोठवून टाकलं.

तिसरी गोष्ट, पावसाळी बंदीचा नियम आता कुठे राहतो? प्रत्येक सबक्लासमध्ये थोडा थोडा. उद्या तारखा बदलल्या तर सगळे सबक्लास उघडा. आधी चार इफ-एल्स होते, आता तीस क्लास झाले. पसारा तोच, फक्त ऐटीत मांडला.

तिसरा आराखडा: विचारा, वाढतंय काय?

शांतपणे वरची यादी परत बघा. १९८१, २०१५, २०१६, २०१७, २०२१. या वर्षांत काय बदलत गेलं? नौकेची व्याख्या फारशी बदलली नाही. नियम बदलले, नवे आले. आणि प्रत्येक नियमाची तपासायची रीत वेगळी आहे: एक तारीख बघतो, एक जाळं बघतो, एक हवामानाचं बुलेटिन बघतो. वेगळं वागणारं आणि वाढत राहणारं जे आहे, ते ‘नियम’ आहे. मग बहुरूपता तिथे ठेवा.

नौका साधी ठेवा: नाव, इंजिनाचा प्रकार, परवाना. जाळं ही वेगळी गोष्ट, नौकेला चिकटवलेली नाही. नौका, जाळं, दिवे, तारीख, कुठवर जायचं, हे सगळं मिळून एक ‘फेरी’. आणि ‘नियम’ नावाचा एक इंटरफेस, त्यात एकच मेथड: ‘तपास’. फेरी द्यायची, उत्तर घ्यायचं.

वाचणाऱ्यांसाठी:

फेरी = नौका + जाळं + दिवे + तारीख + अंतर
नियम = [पावसाळी_बंदी, पर्ससीन_हंगाम, एलईडी_बंदी, परवाना, हवामान_इशारा]
प्रत्येक नियमासाठी: उत्तर = नियम.तपास(फेरी)
सगळी उत्तरं गोळा करा, मग दाखवा

संपलं. हा लूप पर्ससीन ओळखत नाही, एलईडी ओळखत नाही. त्याला फक्त ‘नियम’ कळतो. उद्या नवा आदेश आला तर एक नवा क्लास लिहायचा, यादीत टाकायचा. जुना, तपासलेला, चालत असलेला कोड उघडायची गरज नाही. टेस्टही सोपी होते: पावसाळी बंदीला ३१ मे, १ जून, ३१ जुलै आणि १ ऑगस्टच्या फेऱ्या द्या, उत्तरं बघा. बाकी नियमांना हात लावू नका.

आणि तारखा? त्या क्लासमध्ये ठोकू नका. २०१५ ला दिवस बदलले, पुढेही बदलू शकतात. तारखा हा डेटा आहे, सेटिंगमध्ये ठेवा. बांगड्याचा धडा इथेही लागू होतो.

आता कोणी तरी म्हणेल, “पण पावसाळी बंदीचा क्लास आतून नौकेला ‘यांत्रिक आहेस का’ विचारतोच ना? मग इफ गेला कुठे?” इफ गेला नाही, आणि जायलाही नको. कायदाच यांत्रिक आणि बिगर-यांत्रिक असा भेद करतो, मग तो प्रश्न कुठे तरी विचारावाच लागेल. मुद्दा एवढाच की तो एकाच ठिकाणी विचारला जातो, जिथे त्याचं कारण आहे. इफ वाईट नसतो. तोच इफ दहा फाइलींत असणं वाईट.

शब्द पाळणं: इथे खरा धोका आहे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत हाच सुटतो.

दशावतारात कोणीही राजा होऊ शकतो, पण राजा झालात तर युद्ध करावं लागेल. ऐनवेळी “मी युद्ध करत नाही” म्हणालात तर नाटक कोसळलं. मग पखवाजवाल्याला आधी विचारावं लागेल, “आज राजा कोण? तो लढणारा की न लढणारा?” म्हणजे परत इफ-एल्स.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये हा विचार नेमका मांडला. सबक्लास बेस क्लासच्या जागी ठेवला तर वापरणाऱ्याची फसगत होता कामा नये. याला लिस्कोव्ह सब्स्टिट्यूशन प्रिन्सिपल म्हणतात. २००८चा टुरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. इंटरफेस म्हणजे नुसती मेथडची नावं नाहीत, तो एक शब्द आहे, वचन आहे. कंपायलर नावं तपासतो. वचन तुम्हालाच पाळावं लागतं.

आपल्या अॅपमध्ये बघा. ‘हवामान इशारा’ हा नियम बुलेटिन आणतो नेटवरून. भर पावसात किनाऱ्यावर नेटवर्क गेलं. आता तो नियम काय उत्तर देईल? एखादा घाईत लिहितो: एरर आली तर ‘हरकत नाही’ परत करा, म्हणजे अॅप क्रॅश होणार नाही. कंपायलर खूश, टेस्ट हिरव्या. पण अॅपने आत्ता काय सांगितलं? “वादळ नाही, जा.” खरं तर त्याला काहीच माहीत नव्हतं.

या किनाऱ्याने नोव्हेंबर २००९ मधलं फयान बघितलंय, मे २०२१ मधलं तौक्ते बघितलंय. इथे ‘माहीत नाही’ आणि ‘धोका नाही’ यांना एकच उत्तर देणं म्हणजे नुसता बग नाही.

म्हणून इंटरफेस ठरवतानाच उत्तरं तीन ठेवा: ‘हरकत नाही’, ‘हरकत आहे, कारण अमुक’, आणि ‘सांगता येत नाही, कारण अमुक’. प्रत्येक नियमाने या तिन्हींतलं एक उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं. आणि एकाही नियमाने ‘सांगता येत नाही’ म्हटलं, तर स्क्रीनवर हिरवी खूण येता कामा नये. चांगला इंटरफेस तो, ज्यात खोटं न बोलता अडचण सांगायची सोय असते.

याची दुसरी बाजूही आहे. समजा हिशोबात ‘डिझेल परतावा काढ’ अशी मेथड आहे. रापणीच्या बिगर-यांत्रिक होडीला डिझेलच लागत नाही. तिने काय करावं? काही जण तिथे एक्सेप्शन फेकतात: ‘लागू नाही’. मग बेरीज करणारा लूप मध्येच पडतो. तिचं खरं उत्तर शून्य रुपये आहे. शून्य हे उत्तर आहे, एक्सेप्शन हे उत्तर नाही. पण ‘इंजिनाचा नंबर दे’ अशी मेथड असेल तर? तिथे शून्यही खोटं. मग समजायचं की ही मेथड नौकेची नव्हेच, ती इंजिनाची आहे. तिला तिकडे हलवा. जेव्हा जेव्हा एखाद्या सबक्लासला मेथड रिकामी ठेवावी लागते, तेव्हा तो सबक्लास तुम्हाला सांगत असतो की वाटणी चुकली आहे.

कधी लावू नये

प्रकार दोनच असतील आणि वाढायची चिन्हं नसतील, तर साधा इफ लिहा. वाचणारा दुवा देईल.

प्रकार ठरलेले आणि त्यांच्यावर करायची कामं वाढत असतील, तर विचार करा. समजा प्रत्येक नियमाला तुम्ही म्हणालात: तपास, दंड सांग, एसएमएस लिही, पीडीएफ काढ, मालवणीत समजव. आता प्रत्येक नव्या कामासाठी सगळे नियम उघडावे लागतील. म्हणून इंटरफेस अरुंद ठेवा. नियमाने निकाल आणि कारण द्यावं, बस. ते एसएमएसमध्ये कसं दिसायचं हे दुसरीकडे ठरू दे.

श्रोत्यांचा प्रश्न

मेसेजमध्ये हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय: “दादा, इंटरव्ह्यूला ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग दोन्हीला पॉलिमॉर्फिझम म्हणायचं का?” म्हणा, चालतं. फरक मात्र सांगा. ओव्हरलोडिंगमध्ये एकाच नावाच्या अनेक मेथड असतात, आणि कुठली चालवायची हे जावासारख्या भाषेत कंपाइल होतानाच, दिलेल्या आर्ग्युमेंटच्या प्रकारावरून ठरतं. ओव्हररायडिंगमध्ये ते प्रोग्रॅम चालताना, समोर खरोखर कुठलं ऑब्जेक्ट आहे यावरून ठरतं. आज आपण बोललो ते सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल. आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याने पुढे विचारलं “कधी वापराल?”, तर कुत्रा-मांजर सांगू नका. सांगा: वागणं वेगळं आहे का, ते वाढतंय का, आणि सगळे एकच वचन पाळू शकतात का, हे तीन प्रश्न विचारीन. तिन्हींना हो आलं तरच.

या आठवड्याचं काम: स्वतःचा एखादा प्रोजेक्ट उघडा, कॉलेजचा असला तरी चालेल. त्यात ‘प्रकार’ तपासणारे इफ आणि स्विच शोधा. एकच तपासणी तीन ठिकाणी सापडली, तर तिथे हे तीन प्रश्न लावून बघा. काय सापडलं ते व्हॉइस मेसेजवर पाठवा, मालवणीत पाठवलात तरी चालेल.

पुढच्या भागात नियमांची यादी बनवायची कोणी, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करण्याची जबाबदारी कुणाची, यावर बोलू. तोवर येवा, ऐकत ऱ्हवा!